फुटाला दीड डॉलर

सकाळी ६.२०
भाच्याने गाडी फाटकाशी थांबवली. "मामा, तू बस बघत. मी चारला येतो." त्याला मोटेलवर जाऊन लॅपटॉप उघडायचा आहे. जूनचा महिना, पण हवेत चांगलाच गारवा. ऊन मात्र पाच वाजल्यापासून वर आलेलं.

गावाचं नाव हंड्रेड माइल हाउस. कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत. सोनं शोधायला निघालेल्यांच्या वाटेवर, लिलुएटपासून शंभर मैलांवरचा हा मुक्काम, म्हणून हे नाव. आता इथे ओंडक्यांची घरं बांधतात. भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी तळ्याकाठच्या जागेसाठी एक घर सांगितलं आहे. ते आधी इथेच यार्डात उभं राहील. मग ओंडक्यांवर नंबर घालून उतरवतील आणि ट्रकने नेऊन परत रचतील. लाकूड बघायला मला पाठवलं, कारण कुडाळच्या घराचं छप्पर मी एकदा उतरवून पुन्हा चढवलं आहे. एवढीच माझी लायकी.

सकाळी ६.३०
ओंडके सोलणारी बाई आली. पंचावन्नच्या आसपास. खांदे रुंद, मनगटं सुताराची. तरुणपणी उन्हाळाभर डोंगरांवर रोपं लावायची. तिथे रोपामागे पैसे मिळत, इथे फुटामागे मिळतात. फुटाला दीड डॉलर. ओंडका जाड असो की बारीक, गाठाळ असो की साफ, भाव तोच.

तिने हत्यारं फळीवर मांडली. एक दोन मुठींची सुरी. पातं हातभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची. इथे तिला ड्रॉनाइफ म्हणतात. दुसरी लांब दांड्याची चपटी पटाशी, जुन्या ट्रकच्या पाट्यातून तिने स्वतः ठोकून घेतलेली. एक कानस, एक धारेचा दगड आणि तेलाची बाटली. हत्यारं तिची, कानसही तिची. कानस चौदा डॉलरची, महिनाभर पुरते. चामडी हातमोजे बावीसचे, ते तीन आठवड्यांत फाटतात.

सकाळी ६.४५
लोडरवाल्याने पहिला ओंडका दोन सुतारी घोड्यांवर ठेवला. लॉजपोल पाइन, छत्तीस फूट. घरंगळू नये म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी आकडे ठोकले. बाईने आधी ओंडक्याचं तोंड पाहिलं. पिवळट, ओलं. "ताजा," ती म्हणाली आणि सुरी बाजूला ठेवून पटाशी उचलली.

मे-जूनमध्ये झाडात रस चढतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये नवा, कोवळा थर धरतो आणि साल सुटी होते. बुंध्याशी पटाशी सालीखाली सरकवली, दांडा खाली दाबला आणि पुढे रेटली. चर्र आवाज झाला. सात-आठ फुटांची पट्टी एका दमात निघाली, केळीचं सोपट निघावं तशी. खालचं लाकूड साबणासारखं बुळबुळीत, गोऱ्या रंगाचं. मी बोट फिरवून चाटलं. आधी गोडसर, मग टर्पेंटाइन. या भागातले मूळ रहिवासी या दिवसांत ही अंतरसाल खरवडून खात. मी दुसऱ्यांदा चाटलं नाही.

सकाळी ७.५०
छत्तीस फूट संपले. एक तास पाच मिनिटं. चोपन्न डॉलर. बाईने खिशातल्या वहीत आकडा टाकला. लगेच एक पोरगा पाठीवर पंप घेऊन आला आणि ओंडक्यावर बोरेटचं पाणी फवारून गेला. ताज्या लाकडात गोडवा असतो. उघडं पडलं की चार दिवसांत त्यावर बुरशी धरते.

सकाळी ८.००
दुसरा ओंडका. चौतीस फूट. तोंड करडं, त्यावर चिरा. बाई काही बोलली नाही. पटाशी ठेवली, सुरी घेतली.

हा जानेवारीत तोडलेला. मालकाला थंडीतलंच लाकूड हवं असतं. तेव्हा तोडलेल्या लाकडाला बुरशी कमी धरते आणि बर्फावरून ओढल्यामुळे ओंडक्याला चिखल-खडा लागत नाही. गिऱ्हाईक म्हणून मलाही तेच हवं. फक्त थंडीत साल लाकडाला घट्ट चिकटते, आणि पुढे वाळली की आणखीच.

आता बाई ओंडक्यावर झुकली. पातं सालीवर टेकवलं, धारेचा उतार खाली. ओढलं. वीतभर ढलपी निघाली. पुन्हा टेकवलं, पुन्हा ओढलं. जोर हातांचा नाही. हात ताठच राहतात, कंबर मागे जाते आणि पातं तिच्याबरोबर येतं. कला आहे ती थांबण्यात. पातं पाव इंच जास्त शिरलं की लाकडाला खाच पडते, आणि ती घराच्या भिंतीत जन्मभर दिसते. कमी शिरलं तर तपकिरी अंतरसाल राहते. बाहेरची खवलेदार साल, मग तपकिरी थर, मग पांढरं लाकूड. वरचे दोन थर मिळून काही मिलिमीटर. तेवढ्यात तिला थांबायचं असतं, ओढीमागे एकदा, दिवसभर.

गाठ आली की पातं उडतं. मग दोन्ही बाजूंनी गाठीकडे यायचं, चिंचोके सोलावेत तसं. मी पंधरा मिनिटांत नऊ गाठी मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

सकाळी ९.३०
सुरी थांबली. कानस दहा वेळा, दगड वीस वेळा, तेलाचा एक थेंब. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली. सरकली नाही, म्हणजे लागली. सहा मिनिटं गेली. ही सहा मिनिटं फुटात धरत नाहीत.

"एकदा बघू का?" मी विचारलं. तिने सुरी दिली. पहिल्या ओढीला पातं सालीवरून घसरलं. दुसऱ्या ओढीला थेट लाकडात शिरलं. तिने काही न बोलता सुरी परत घेतली आणि खाच हलक्या हाताने पसरट करून बुजवली. पाच मिनिटं. माझ्यामुळे तिचे दोन डॉलर गेले असतील. तो ओंडका आमच्याच घराचा निघो, असं मनात आलं.

सकाळी १०.५०
चौतीस फूट. दोन तास पन्नास मिनिटं. एक्कावन्न डॉलर. मी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. तासाला बरोबर अठरा. या प्रांतात किमान वेतन जून २०२५ मध्ये १७.८५ झालं. आणि त्यासाठी कोणी स्वतःची कानस आणत नाही.

सकाळी ११.००
पुन्हा करडं तोंड. बत्तीस फूट. एका अंगाला लाकडात निळसर पट्टा आणि सालीच्या आतल्या बाजूला कोरलेल्या उभ्या वाटा. पाइनचा भुंगा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो येताना बुरशी घेऊन येतो आणि लाकूड निळं पडतं. नव्वदच्या दशकात या प्रांतात त्याची साथ सुरू झाली आणि पाइनची जंगलंच्या जंगलं उभी वाळली. कडाक्याची थंडी त्याच्या अळ्या मारते, पण तशा थंड्या पडेनाशा झाल्या होत्या. या झाडाने राळ सोडून भुंग्याला परतवलेलं दिसतं. निळं लाकूड मजबुतीला कमी नसतं, हे बाईने मला दोनदा सांगितलं. गिऱ्हाइकं कटकट करत असणार.

दुपारी १२.३०
अर्धा तास सुट्टी. बाईचा डबा: उकडलेली अंडी, पाव, थर्मासमध्ये कॉफी. माझा: भाचेसुनेने दिलेली पोळी-भाजी. हातमोजे काढले तरी तिची बोटं काळी. राळ हातमोज्यांतूनही आत जाते. साबणाने निघत नाही. ती स्वयंपाकाचं कनोला तेल चोळते.

माझ्या पिशवीत खोबरेलाची छोटी बाटली होती. आमच्याकडे फणस कापायच्या आधी हाताला आणि सुरीला खोबरेल लावतात, नाहीतर चीक दिवसभर सोडत नाही. मी तिला बाटली दिली. तिने वास घेतला, चार थेंब चोळले, फडक्याने पुसले. बोटं बऱ्यापैकी उजळली. मग तिने तेच तेल सुरीच्या पात्यालाही लावलं. मी न सांगता.

दुपारी २.१०
बत्तीस फूट. अठ्ठेचाळीस डॉलर. बाई घोडीला पाठ टेकून दोन मिनिटं उभी राहिली. कंबर दुखते का, विचारलं. "जानेवारीवाल्यांनी," ती म्हणाली.

पलीकडे एका घराची भिंत चढत होती. वरच्या ओंडक्याच्या पोटाला खोबण पाडतात. ती खालच्या ओंडक्याच्या पाठीवर त्याच्या उंचसखलपणासकट बसते. खिळा नाही. ओलं लाकूड आटतं तसं घरही बसतं. उंचीच्या फुटामागे पाऊण इंच धरतात. आठ फुटांची भिंत सहा इंच उतरते, म्हणून खिडक्यांच्या वर तेवढी फट सोडलेली असते.

दुपारी २.२०
चौथा ओंडका ताजा. छत्तीस फूट. पटाशी, चर्र, लांब पट्ट्या. शेंड्याकडे गाठी दाटल्या तेव्हा फक्त सुरी लागली.

दुपारी ३.४०
संपला. पायाखाली गुडघाभर सालपटं. ती गोळा करून ढिगावर टाकायची. त्याचेही फूट नाहीत.

वहीत बेरीज: १३८ फूट, २०७ डॉलर. त्यातले एकशेआठ दोन ताज्या ओंडक्यांचे, अडीच तासांहून कमी वेळात. ताजे किती येतात, मी विचारलं. वासे कमी पडले म्हणून यंदा थोडे तोडले, म्हणाली. घोड्यांवर कुठला ठेवायचा ते लोडरवाला ठरवतो.

दुपारी ४.००
भाच्याची गाडी फाटकाशी आली. "मामा, कसं आहे लाकूड?" चांगलं आहे म्हटलं. खोबरेलाची बाटली बाईकडेच ठेवली. मागे लोडर घरघरत होता, उद्या सकाळचा ओंडका घोड्यांवर चढवत. मी वळून तोंड पाहिलं. करडं.