आपोआप जाणारी पत्रे

घरी भाजणी, मेतकूट करून विकणाऱ्या अनेक भगिनी आता ग्राहकांचे ई-मेल पत्ते जमवतात. पण पत्ता दिला म्हणजे माल घेतला असे नव्हे! पहिले पत्र लगेच जावे: आभार आणि थालीपिठाची कृती. दोन-तीन दिवसांनी दुसरे: भाजणी कशी भाजतो, किती टिकते. खरेदीचा विषय तिसऱ्या पत्रात, तोही एकाच वस्तूचा. एकदा लिहून ठेवले की संगणक ही पत्रे ठरल्या वेळी धाडतो. मात्र काल पाकीट घेणाऱ्याला आज ‘अजून घेतले नाहीत?’ असे पत्र गेले, तर सारे मुसळ केरात. म्हणून खरेदी होताच नाव या मालिकेतून वगळण्याची सूचना आधीच देऊन ठेवावी.

न विचारता पत्रे धाडण्याची खोड जुनीच. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना संगणकांची अशी जाहिरात पाठवली आणि तक्रारी ओढवून घेतल्या. २०२४ पासून गूगलने रोज ५,००० हून अधिक जाहिरातपत्रे जीमेलवर धाडणाऱ्यांना, एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली. आपला पसारा लहान असला तरी ही सोय ठेवाच. ती न सापडल्याने वैतागलेले वाचक पत्र ‘स्पॅम’ ठरवतात. असे वारंवार झाले, की इतरांना धाडलेली पत्रेही तिकडेच जाऊन पडतात.