कुरकुरला तर निघतो

संपादकांनी पाठवलं होतं जव्हारच्या राजवाड्यावर लिहायला. तेवढं कर्तव्य आधी उरकतो. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही डोंगरी तालुके त्यात गेले. जयविलास राजवाडा देखणा आहे, जरूर बघा. मला मात्र धरून ठेवलं मोखाड्याच्या वाटेवरच्या एका भातगिरणीनं, आणि तिथेही इंजिनाच्या एका तीन सुती बोल्टानं.

गिरणीला विजेची मोटर आहे. पण या भागात पावसाळ्यात झाड तारेवर आडवं झालं की वीज कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून मोटरीशेजारी जुनं डिझेल इंजिन ठेवलेलं असतं. दिवाळीच्या आसपास भात घरात आलं की गिरणीची धांदल सुरू होते. त्याआधीचे चार महिने इंजिन गळक्या पत्र्याखाली, धुक्यात, नुसतं उभं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. धुराच्या नळीच्या तोंडावर कुणी डबा उपडा घालायला विसरलं, तर त्यातला बराचसा थेट आत जातो.

इंजिन राजकोटच्या घडणीचं. अस्सल वाण इंग्लंडातल्या डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीचं: सहा घोड्यांची ताकद, मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही अंगांना अवजड फ्लायव्हील. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपरांनी डिझेल इंजिनं काढली, किर्लोस्करांनी १९४६ पासून पुण्यात त्यासाठी वेगळी कंपनी चालवली. पण या लिस्टरची नक्कल राजकोटनं इतकी वर्षं आणि इतकी इमानानं केली, की गावोगावच्या मिस्त्रींना ते डोळे मिटून उघडता येतं. बोल्ट निघाले तर.

दुखणं साधं होतं. हेडचं गॅस्केट गेलेलं, थंडाव्याचं पाणी सिलिंडरमध्ये उतरत होतं. हेड उचलायचं तर आधी धुराची नळी सोडवायला हवी. ती दोन स्टडवर, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टांवर. रोज तापणार, रोज थंड होणार, वरून पावसाचं पाणी. अख्ख्या इंजिनात याहून वाईट जागा बोल्टाला मिळणार नाही.

मिस्त्री साठीच्या पुढचे. पहिला तास त्यांनी पान्याला हात लावला नाही. तारेच्या ब्रशनं आटे घासले, बुडाशी डिझेल सोडलं. पूर्वी रॉकेल वापरायचे. रेशनवर मिळेनासं झाल्यापासून डिझेल. मग हलक्या हातोडीनं नटाच्या सगळ्या बाजूंना ठोके. लोखंड गंजतं तेव्हा दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि आट्यांच्या फटीत जागा नसते; म्हणून गंजच पाचर होऊन बसतो. ठोक्यानं त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून डिझेल उतरतं. कान देऊन ते ऐकत होते. सुरुवातीला आवाज बद्द होता, पुढेपुढे जरा खणखणीत झाला.

पाना लावला तोही उलटा. सोडवण्याआधी केसभर आवळायचं, मग सोडवायचं, मग पुन्हा आवळायचं. पहिल्या नटानं कुर्र असा कानाला नकोसा आवाज केला आणि मिस्त्री खूश. “कुरकुरला तर निघतो. गप फिरला तर समजायचं, गेला.” गंज फुटतो तेव्हा आवाज होतो, पाना मऊ फिरतो तेव्हा नट जागेवर असतो आणि खालचा स्टड पिळवटत असतो. हा फरक मनगटाला कळायला किती वर्षं लागली, असं विचारलं तर म्हणाले, “बोल्ट मोजा. वर्षं नका मोजू.”

दुसरा नट गप फिरला. मिस्त्रींनी तत्क्षणी हात थांबवला, पण उशीर झाला होता. स्टड हेडच्या पातळीला सपाट तुटला.

गिरणीवाला, पंचविशीचा पोरगा, म्हणाला, “काका, ईझी-आउट आहे माझ्याकडे. ऑनलाइन मागवलंय.” मिस्त्रींनी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. तुटक्या बोल्टात भोक पाडून उलट्या आट्याचं हे हत्यार ठोकायचं आणि फिरवायचं. पण ते कडक आणि ठिसूळ. आत मोडलं तर त्यावर साधं ड्रिल चालत नाही, आणि बिडाचं हेड फुकट. त्यांचा उपाय वेगळा: तुटक्या स्टडवर एक नट ठेवायचा, त्याच्या भोकातून वेल्डिंग भरायचं, लाल असतानाच पाना घालायचा. वेल्डिंग बिडाला नीट धरत नाही, ते इथे सोयीचंच. खरं काम उष्णता करते. स्टड तापून फुगतो, निवताना आकसतो. तीन-चार शतांश मिलिमीटरची ही हालचाल गंजाची पकड मोडायला पुष्कळ झाली.

पण व्होल्टेज नव्हतं. वेल्डिंग मशीन नुसतं गुणगुणायचं, रॉड चिकटून बसायची. संध्याकाळी जरा दाब आला तेव्हा नट चिकटला, फिरवताच उखडला. पुन्हा चिकटवला, पुन्हा उखडला. गंज इतका हट्टी नसतो, असं पुटपुटत मिस्त्रींनी पहिल्या स्टडवरून निघालेला नट उचलला आणि त्यावर १७ चा पाना घालून पाहिला. चपखल बसला. घोळ तिथे होता. तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंची, व्हिटवर्थ या इंग्रजी आट्याच्या नटाची रुंदी १८ मिलिमीटरच्या आसपास असते. १७ चा पाना बसतो तो १० मिलिमीटरच्या मेट्रिक नटावर. आधीच्या कुणीतरी साडेनऊ मिलिमीटरच्या इंग्रजी भोकात १० मिलिमीटरचा स्टड पान्याला पाइप लावून कोंबला होता. इंग्रजी आट्याचा कोन ५५ अंशांचा, इंचाला १६ आटे. मेट्रिकचा कोन ६०, आटे इंचाला जवळजवळ १७. असा बोल्ट गंजायच्या आधीच जाम असतो. मला त्या अज्ञात माणसाचा राग आला. मिस्त्रींना नाही. “भाताचे दिवस असतील. जे मिळालं ते घातलं त्यानं.”

मग उरलं ड्रिल. मधोमध पंच मारायचा आणि सरळ उतरायचं. पोलाद कडक, बीड मऊ. ड्रिल जरा कललं की मऊ बाजूला पळतं आणि हेडच्या पाण्याच्या पोकळीत घुसतं. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. मिस्त्री दर थोड्या वेळानं ड्रिल बाहेर काढत, चुरा बोटांत चोळून पाहत. चकचकीत वळलेला चुरा म्हणजे अजून स्टडमध्ये, काळी भुकटी आली की बिडात गेलो. एका बाजूला भुकटी आलीच. जुने आटे वाचणार नव्हते. भोक मोठं करून चार सुती टॅप मारायचा ठरला, आणि लेथवर पायरीचा स्टड करायचा: खाली चार सुती, वर तीन सुती.

चार सुती टॅप मिस्त्रींच्या पेटीत होता, पण दात झिजलेला. नवा दुकानात विचारला तर मेट्रिक दाखवतात. लेथवाल्याकडे अर्धा दिवस रांगेत गेला. त्याला मोटारसायकलींची कामं पुरतात, एका स्टडसाठी लेथ अडवून ठेवणं परवडत नाही. मिस्त्रींचा मुलगाही दुचाक्याच करतो. तिथे बोल्ट तुटला तर अख्खा भाग बदलतात आणि तासाभरात गाडी बाहेर.

स्टड आला, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून बसवला, नवं गॅस्केट घालून हेड आवळलं. शेजारचा पहिला स्टडही १० मिलिमीटरचाच होता. तोही काढावा, असं मिस्त्रींचं म्हणणं. गिरणीवाला म्हणाला, “काका, चालतोय तोवर राहू द्या. बाहेर पोती लागलीत.” मिस्त्रींनी वाद घातला नाही. ऑइलपेंटच्या डब्यात काडी बुडवून त्यांनी त्या स्टडशेजारी हेडवर ‘१० मि.मी.’ असं लिहिलं आणि मजुरी सांगितली. एका बोल्टाची एवढी कशी, यावर मग दोघांची बराच वेळ घासाघीस चालली.