वाढीव अश्वशक्तीची किंमत कोण मोजते? टर्बो गाडीच्या ट्यूनिंगमागचे गणित

भिलाई (छत्तीसगड) : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की टर्बोचार्ज्ड पेट्रोल गाडीच्या हौशी मालकापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. इंजिनाला हात न लावता, केवळ त्याच्या संगणकातील आज्ञावली बदलून २० ते २५ टक्के जादा ताकद मिळत असेल, तर ती घ्यावी का? आणि घेतली, तर इंजिन टिकेल का?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कंपनीने इंजिनात राखून ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा खर्च करणे, एवढाच ट्यूनिंगचा अर्थ असतो. ती मर्यादा किती शिल्लक आहे आणि ती कोणत्या पद्धतीने खर्च केली जाते, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते. मध्य भारतातील उन्हाळ्यात तिचा बराचसा भाग हवामानानेच आधी वापरलेला असतो.

झोतभट्टी आणि टर्बो

टर्बोचार्जरचे तत्त्व भिलाईकरांना परके नाही. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीत दाबाखाली हवेचा झोत सोडला जातो. जितकी हवा जास्त, तितका कोक वेगाने जळतो आणि तितके लोखंड अधिक निघते. इंजिनातही हेच घडते. सिलिंडरमध्ये जितकी हवा कोंबता येईल, तितके अधिक पेट्रोल जाळता येते.

फरक दोन आहेत. टर्बोला हवा दाबण्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर त्याचे चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा आत ढकलते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. झोतभट्टीत हवा मुद्दाम हजार अंशांच्या पुढे तापवून सोडतात, कारण तिथे उष्णता हवीच असते. पेट्रोल इंजिनाला मात्र हवा शक्य तितकी थंड लागते. टर्बो गाडीच्या विश्वासार्हतेबाबतच्या बहुतेक चिंतांचे मूळ या दुसऱ्या फरकात आहे.

कंपनी ताकद राखून का ठेवते?

मोटार कंपनी एकाच इंजिनाची गाडी लडाखच्या थंडीत, राजस्थानच्या उन्हात, निकृष्ट पेट्रोलवर आणि ऑइल बदलायला विसरणाऱ्या मालकाच्या हातीही विकते. वॉरंटीच्या काळात या सर्व परिस्थितींत इंजिन टिकले पाहिजे आणि उत्सर्जनाचे निकषही पाळले गेले पाहिजेत. म्हणून टर्बोचा दाब, ठिणगीची वेळ आणि हवा व इंधनाचे प्रमाण यांत काही अंतर राखले जाते.

ट्यूनर नेमक्या याच तीन गोष्टी बदलतो. दाब वाढवतो, ठिणगी थोडी आधी पाडतो आणि इंधन त्या प्रमाणात जुळवतो. ताकद वाढते, हे खरे. पण पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच आणि गिअरबॉक्स यांची मजबुती आज्ञावली बदलून वाढत नाही. भारतात चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटर इंजिन १७५ न्यूटन मीटर टॉर्क देत असे, तर तिच्या डीक्यू-२०० या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. अशा गाडीत ट्यूनिंगची वेस इंजिनाइतकीच गिअरबॉक्सही आखून देतो.

रांजणगावच्या दोन गाड्यांचा धडा

ताकद 'किती' वाढवली यापेक्षा ती 'कशी' वाढवली हे महत्त्वाचे असते. याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट लिनिया टी-जेट या गाडीत १.४ लिटरचे टर्बो इंजिन होते. त्याची ताकद होती ५,००० फेऱ्यांना ११४ अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क २०७ न्यूटन मीटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच कारखान्यातून अबार्थ पुंटो आली. तिच्यात याच टी-जेट घराण्याचे इंजिन ५,५०० फेऱ्यांना १४५ अश्वशक्ती देत होते. मात्र तिचा कमाल टॉर्क होता अवघा २१२ न्यूटन मीटर.

ताकदीत सुमारे २७ टक्क्यांची वाढ झाली, पण टॉर्कमध्ये जेमतेम अडीच टक्क्यांची. हे शक्य झाले कारण ताकद म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. लिनियाचा टॉर्क ५,००० फेऱ्यांपर्यंत सुमारे १६० न्यूटन मीटरवर घसरत असे. अबार्थमध्ये तो ५,५०० फेऱ्यांनाही १८५ च्या आसपास टिकून राहत असे. सिलिंडरमधील दाबाचे शिखर टॉर्कशी निगडित असते. त्यामुळे कंपनीने पिस्टन आणि रॉडवरचा सर्वोच्च आघात फारसा न वाढवता वरच्या फेऱ्यांतील घसरण थोपवली.

बाजारातील अनेक स्वस्त मॅप याच्या नेमके उलट करतात. ग्राहकाला चाचणी फेरीतच 'धक्का' जाणवावा म्हणून ते दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच टॉर्क एकदम ३०-४० टक्क्यांनी चढवतात. कमी फेऱ्यांना पिस्टन संथ असतो आणि वाढलेला दाब रॉडवर अधिक काळ टिकतो. रॉड वाकणे, क्लच घसरणे आणि गिअरबॉक्स निकामी होणे हे प्रकार बहुधा याच टापूत घडतात. म्हणून ट्यूनरला केवळ 'किती अश्वशक्ती?' असे न विचारता 'टॉर्कचा आलेख कसा आहे?' असे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

४५ अंशांचा हिशेब

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप वापरलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. बाहेर २५ अंश तापमान असताना टर्बोने वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे एक बार, जादा दाब दिला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा सुमारे ११८ अंशांवर पोहोचते. बाहेर ४५ अंश असतील, तर हाच आकडा सुमारे १४५ अंश होतो. म्हणजे बाहेरचे तापमान २० अंशांनी वाढले, तर आतले सुमारे २७ अंशांनी वाढते.

ही हवा गार करण्याचे काम इंटरकूलर करतो. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा अधिक गार हवा देऊ शकत नाही. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी वेगात असताना त्याला वारा मिळतो. शहरातील सिग्नलवर बंपरमागचा इंटरकूलर मात्र इंजिनाच्या उष्णतेतच न्हाऊन निघतो. तिथून गाडी जोरात दामटली, तर सुरुवातीची काही सेकंदे इंजिनाला सर्वांत गरम हवा मिळते. शिवाय ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. ती तूट भरून काढण्यासाठी टर्बोला आणखी वेगाने फिरावे लागते आणि हवा आणखी तापते. डिसेंबरमध्ये बिनतक्रार चाललेला मॅप मे महिन्यात धोक्याचा ठरतो, तो यामुळे.

नॉकिंग: आवाज न करणारा शत्रू

सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरणे अपेक्षित असते. हवा फार गरम किंवा दाब फार जास्त असेल, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. सौम्य नॉकिंग चालकाच्या कानावर येतही नाही, पण वारंवार झाल्यास पिस्टनच्या रिंगांमधील पातळ कडा तडकतात.

त्याहून घातक प्रकार म्हणजे कमी फेऱ्यांना, ठिणगीच्याही आधी होणारे प्रज्वलन. सिलिंडरमध्ये थेट इंधन सोडणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत तो आढळतो. यात ठिणगी मागे घेऊन उपयोग होत नाही, कारण मिश्रण ठिणगीची वाटच पाहत नाही. इंजिन ऑइलमधील कॅल्शियमचे प्रमाण हे त्याचे एक कारण असल्याचे आढळल्यावर ऑइलचे मानक बदलण्यात आले. २०२० पासून लागू झालेल्या 'एपीआय एसपी' या श्रेणीत या दोषाविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे. ट्यून केलेल्या गाडीत वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणे टाळावे, असे सांगितले जाते ते याचसाठी.

पेट्रोलचा प्रश्न

नॉकिंग रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन क्रमांकाने मोजतात. बीएस-६ मानकानुसार साध्या पेट्रोलचा हा क्रमांक किमान ९१ ठरवण्यात आला होता. युरोपात साधे पेट्रोलच ९५ चे असते. त्यामुळे तिकडच्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेला मॅप भारतात जसाच्या तसा भरणे जोखमीचे आहे. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे 'एक्सपी १००' डिसेंबर २०२० मध्ये आणले. पण असे इंधन निवडक पंपांवरच मिळते. त्यावर आधारलेला मॅप असेल, तर लांबच्या प्रवासात मिळेल ते पेट्रोल भरण्याची मुभा उरत नाही.

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे चित्र दुहेरी झाले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक १०० हून अधिक असतो आणि बाष्प होताना ते अधिक उष्णता शोषते. दोन्ही गोष्टी नॉकिंगविरुद्ध उपयोगी आहेत. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. तितकेच काम करण्यासाठी इंजेक्टर आणि पंपाला अधिक इंधन पुरवावे लागते. मॅपने त्यांची क्षमता आधीच शेवटपर्यंत ताणली असेल, तर पूर्ण जोरावर इंधन कमी पडते आणि ज्वलनाचे तापमान वाढते.

बॉक्स, मॅप आणि पूर्वतपासणी

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वायरिंगमध्ये जोडायचा ट्यूनिंग बॉक्स. दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा तो कमी करून संगणकाला दाखवतो आणि संगणक फसून दाब वाढवतो. ज्या आकड्यांवर इंजिनाची सुरक्षा यंत्रणा विसंबून असते, तेच खोटे ठरणे हा यातील मूलभूत दोष आहे. त्या गाडीसाठी स्वतंत्रपणे लिहिलेला मॅप खर्चिक असला, तरी त्यात तापमान वाढल्यास दाब कमी करण्याच्या मूळ आज्ञा शाबूत ठेवता येतात.

ट्यूनिंगपूर्वी सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासणे, स्पार्क प्लग नवे बसवून त्यांचा गॅप जुळवणे, कूलंट आणि होजपाइप पाहणे आवश्यक असते. ट्यूनिंगनंतर प्रत्यक्ष रस्त्यावर, शक्यतो भर उन्हाळ्यात, आत येणाऱ्या हवेचे तापमान, प्रत्येक सिलिंडरमध्ये मागे घेतलेली ठिणगी आणि इंधनाचे प्रमाण यांची नोंद घ्यावी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी सतत मागे जात असेल, तर इंजिन तक्रार करत आहे, असे समजावे. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑइल वेळेआधी बदलणे आणि वेगवान प्रवासानंतर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करणे, या साध्या सवयी महागड्या सुट्या भागांइतक्याच मोलाच्या ठरतात.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकल्यास उत्सर्जन मानकांचाही भंग होतो.

वॉरंटीचा प्रश्न याहून थेट आहे. अनेक गाड्यांच्या संगणकात आज्ञावली कितीदा लिहिली गेली याची नोंद राहते. जुनी आज्ञावली परत भरली तरी ती पुसली जातेच असे नाही. विम्याचा आधारही मर्यादित आहे. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नाही. त्यामुळे पिस्टन फुटला, तर तो खर्च मालकाच्याच खिशातून जातो. आणि न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

म्हणून वॉरंटीतील, रोजच्या वापराची आणि घरातील एकमेव अशी गाडी मूळ स्थितीत ठेवणे, हाच हिशेबाचा निर्णय ठरतो. वॉरंटी संपलेली, देखभालीची पूर्ण नोंद असलेली गाडी हाती असेल, कायदेशीर बाजू तपासलेली असेल आणि इंजिन उघडावे लागल्यास तो खर्च सोसण्याची तयारी असेल, तर टॉर्क आवरून केलेला माफक बदल विचारात घेता येतो. त्या मॅपची खरी परीक्षा मात्र हिवाळ्यातील चाचणी फेरीत होत नाही. मे महिन्यातील दुपारी, सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत ती होते.