पिकअप नेमकी कुठे तापते?

घाटात जुन्या पिकअपचा काटा लाल रेघेकडे सरकला, की पहिला संशय रेडिएटरवर येतो. तो दर वेळी खरा नसतो.

सिग्नलला तापणारी गाडी वेग घेतल्यावर निवळत असेल, तर पंखा आणि त्याचा पट्टा तपासावा. माल भरून चढावर तापत असेल, तर रेडिएटर आतून क्षाराने चोंदलेला असू शकतो. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतल्याचा हा प्रताप. वरचा पाइप चटका देतोय, खालचा मात्र गार? मग थर्मोस्टॅट अडकला असावा. बहुतेक गाड्यांत तो 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडू लागतो.

गळती न दिसता कूलंट घटत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. इथे खर्च मोठा.

इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे पाणी थेट अंगावर उसळते.