शैली म्हणजे प्रीसेट नव्हे

लग्नाचे फोटो काढण्याच्या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या अनेकांना ‘आपली शैली’ म्हणजे एखादा प्रीसेट (रंग आणि उजेडाची आधीच ठरवलेली जुळणी) वाटतो. प्रीसेट उपयोगाचा असतो, पण ती शैली नव्हे. कुठे उभे राहायचे, कोणत्या उजेडात आणि कोणत्या क्षणी बटण दाबायचे, याची सातत्याने केलेली निवड म्हणजे शैली. हस्ताक्षराचेच पाहा: शाई बदलली तरी वळण तेच राहते.

सुरतेत, इच्छापोरपासून लिंबायतपर्यंत, मराठी आणि गुजराती अशी दोन्ही लग्ने होतात. अंतरपाट दूर होताना एक छायाचित्रकार अक्षतांसह सारा मांडव टिपतो, तर दुसरा नवरा-नवरीच्या फक्त नजरा. गुजराती लग्नातल्या हस्तमेळापात (वधूवरांचे हात एकमेकांच्या हाती देण्याच्या विधीत) एखाद्याला पानेतर (लग्नातली पांढरी-लाल साडी) नेसलेल्या नवरीचा मेंदीचा हातच पुरेसा वाटतो. हा फरक नंतर रंग बदलून आणता येत नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तर बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगावर, तेही कृष्णधवल केले; म्हणजे त्याची शैली रंगांवर अवलंबून नव्हतीच.

म्हणून प्रीसेट विकत घेण्याआधी आपलेच जुने फोटो समोर मांडा आणि त्यांत वारंवार काय दिसते ते ओळखा. काम मागायला जाताना निवडक दहा फोटोंऐवजी एक संपूर्ण लग्न दाखवा. तुमची नजर त्यातूनच कळते.