मालमत्ता-देखभालीची नागरी तक्रार : आधार, स्वरूप आणि मर्यादा
(विशेष संदर्भ : कोलशेत, ठाणे)

प्रस्तावना :
२८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्ली येथील मातृछाया इमारत कोसळून ९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठवडाभरातच, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्याच्या नौपाड्यातील कृष्णा निवास इमारत कोसळली व १२ जणांचा बळी गेला. तत्पूर्वी ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांना प्राण गमवावे लागले होते. अशा घटनांची चर्चा बहुधा दुर्घटनेनंतर होते. तथापि कोणतीही इमारत एका रात्रीत जीर्ण होत नाही. स्तंभाला गेलेली भेग, उघडी पडलेली गंजकी सळई, वर्षानुवर्षे मुरणारी ओल ही चिन्हे रहिवाशांना व शेजाऱ्यांना आधीच दिसत असतात. ती प्रशासनापर्यंत पोहोचविणारे साधन म्हणजे नागरी तक्रार होय. या साधनाचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिसर आणि जबाबदारीचा प्रश्न :
कोलशेत हे खाडीकाठचे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. आज हा भाग माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या कक्षेत येतो. गावठाणातील दाटीची घरे, वायुदलाचे केंद्र, जुन्या कारखानदारीची जमीन आणि तिच्यावर व आसपास उभी राहिलेली बहुमजली संकुले येथे शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे तक्रारदारापुढील पहिला प्रश्न ‘तक्रार कशाची?’ हा नसून ‘जबाबदारी कोणाची?’ हा असतो. सार्वजनिक रस्त्यावरील गटार महानगरपालिकेचे. संकुलातील रस्ता मात्र हस्तांतरित झालेला नसेल तर विकासकाचा अथवा संस्थेचा. वरच्या सदनिकेतून होणारी गळती प्रथमतः सहकारी गृहनिर्माण संस्थेने हाताळावयाची बाब आहे. परंतु त्याच गळतीने स्तंभ कमकुवत झाला, तर तो सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. खासगी आवारातील धोकादायक वृक्ष तोडण्यासही १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज बहुधा नाकारला जात नाही. तो केवळ फिरत राहतो.

कायदेशीर आधार :
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) कलम २६४ येथे मूलभूत आहे. पडावयास आलेली अथवा धोकादायक वास्तू पाडण्याचे, सुरक्षित करण्याचे वा दुरुस्त करण्याचे लेखी निर्देश आयुक्त मालकास किंवा भोगवटादारास देऊ शकतात. इमारत रिकामी करविण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कलम २६५-क अन्वये बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींचे वर्गीकरण चार प्रकारांत होते : सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

निधीअभावी काम झाले नाही, हे उत्तर तक्रारदारास वारंवार ऐकावे लागते. रतलाम नगर परिषद विरुद्ध वर्दीचंद (१९८०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सबब अमान्य केली. उघडी गटारे व दुर्गंधी यांनी त्रस्त झालेल्या सामान्य रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

तक्रारीचे स्वरूप :
परिणामकारक तक्रार ही भावनेपेक्षा नोंदीवर उभी असते. ‘इमारत कधीही पडेल’ या वाक्यापेक्षा ‘तळमजल्यावरील ईशान्येच्या स्तंभाला जूनपासून उभी भेग असून सळई उघडी पडली आहे’ हे वाक्य अभियंत्यास पाहणीचे ठिकाण दाखविते. स्थळ, दिनांक, छायाचित्र, अपेक्षित कारवाई आणि पोचक्रमांक हे पाच घटक आवश्यक होत. दूरध्वनीवरून केलेली तक्रार तातडीसाठी योग्य. मात्र तिच्यामागोमाग लेखी अर्ज हवाच. शासनाच्या ‘आपले सरकार’ या तक्रार प्रणालीत निवारणासाठी २१ दिवसांची मुदत ठेवलेली आहे. प्रतिसाद न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये त्या अर्जावरील कार्यवाहीची व पाहणी अहवालाची प्रत मागता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मर्यादा आहे. या कायद्याने भेग बुजत नाही, परंतु कोणत्या टेबलावर अर्ज थांबला हे कळते.

मौनाची कारणे :
प्रक्रिया उपलब्ध असूनही लोक गप्प का राहतात? उदासीनता हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. जुन्या इमारतीतील भाडेकरूच्या दृष्टीने तक्रारीचा शेवट इमारत रिकामी करण्याच्या नोटिशीत होऊ शकतो. जीव वाचेल, पण डोक्यावरचे छप्पर आणि भाडेकरूचा हक्क दोन्ही जातील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. या संदर्भात सांगली येथील इमारतीशी संबंधित शहा रतनशी खिमजी प्रकरणातील २०१४ चा निर्णय महत्त्वाचा आहे. महानगरपालिकेने इमारत पाडल्याने भाडेकरार आपोआप संपुष्टात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. म्हणून रिकामी करण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची अधिकृत नोंद करवून घेणे, हे भाडेकरूच्या हिताचे आहे. ही माहिती नोटिशीसोबतच दिली गेली, तर अनेकांचे मौन सुटेल.

दुसरे कारण प्रतिनिधित्वाशी निगडित आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समितीची कल्पना याच हेतूने मांडली की, नागरिकाचे म्हणणे जवळच्या पातळीवर ऐकले जावे. परंतु मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर ठाणे महानगरपालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला. या काळात तक्रारीचा पाठपुरावा करणारा निवडून आलेला दुवाच नव्हता.

समारोप :
तक्रार ही कुरकुर नव्हे. ती शहराच्या देखभालीतील पहिली पाहणी आहे. ती योग्य कार्यालयात, नेमक्या नोंदींसह व लेखी स्वरूपात पोहोचली तरच कायद्यातील अधिकार कर्तव्यात रूपांतरित होतात. मात्र तिची किंमत तक्रारदारालाच घर गमावून मोजावी लागणार असेल, तर उत्तम प्रणालीही रिकामीच राहील. नागरिकशास्त्र व राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्याच गल्लीची एक पाहणी व एक विधिवत अर्ज तयार करवून घेतल्यास, हा विषय पाठ्यपुस्तकाबाहेर येईल असे वाटते.