हजार तासांची बरणी

दोस्तांनो, मातीच्या एका बरणीवर नक्षी कोरायला किती वेळ लागेल? एक दिवस? आठवडा? अमेरिकेतल्या ॲडलेड रोबिनो या कुंभारकाम करणाऱ्या बाईंना १९१० साली तब्बल हजार तास लागले म्हणतात! रोज ५ तास बसलं तर झाले की नाही २०० दिवस?

त्यांनी नक्षीसाठी कोण निवडला, ठाऊक आहे? शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगेरा! प्राचीन इजिप्तमध्ये त्याला फार मान होता. रोबिनोबाईंनी त्याला कष्टकऱ्यांचं प्रतीक मानलं. बरणी, तिचं झाकण, खालची बैठक, सगळीकडे बारीक कोरीवकाम. नक्षी उठून दिसावी म्हणून त्यांनी तिच्या आजूबाजूची माती टोकदार हत्याराने कणाकणाने खरवडून काढली. तीही पूर्ण वाळलेली, न भाजलेली माती. हात जरा जोरात पडला, की टवका उडालाच!

मग माती ओली असतानाच का नाही कोरायचं? मातीचे कण सूक्ष्म, चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. ओल्या मातीत त्यांच्यामध्ये पाणी असतं, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे आकार सहज देता येतो, पण नाजूक रेघ दबते, पसरते. पाणी उडून गेलं की कण जवळ येतात आणि रेघ जिथल्या तिथे राहते.

ही बरणी पोर्सेलिनची, म्हणजे चिनी मातीची. भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअसला या मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि बाकीच्या कणांना घट्ट धरून ठेवतो. भांडं आकसतंही. सगळीकडे सारखं आकसलं नाही, तर तडा जातो.

आणि तसंच झालं! बरणी भट्टीतून निघाली ती बुडाशी भेगा घेऊन. इतरांना वाटलं, संपलं सगळं. बाईंनी मात्र भेगांत पोर्सेलिनची पूड भरली, पुन्हा झिलई दिली, पुन्हा भाजलं. १९११ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आज ही बरणी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात, एव्हरसन संग्रहालयात आहे.

आता तुमची पाळी! शाडूच्या तीन वड्या थापा. एकीवर लगेच, दुसरीवर अर्धवट वाळल्यावर आणि तिसरीवर पूर्ण वाळल्यावर टूथपिकने भुंगेरा कोरा. सर्वांत स्वच्छ रेघ कुठे उमटली? वहीत टिपून ठेवा आणि आम्हाला नक्की कळवा!